वाळवी मागाहून येते

महाड-पोलादपूर भागात वाळवीला कुणी कीड म्हणत नाही. कीड भातावर पडते, रोग काजूवर येतो; वाळवी मात्र ‘लागते’. दाराला लागते, वाशाला लागते, पेटीतल्या कागदाला लागते, परसातल्या आंब्याला लागते. आणि एकदा लागली असं म्हटलं की पुढची चौकशी थांबते. पडवी का खचली? वाळवी लागली. कलमं का गेली? वाळवी लागली. जमिनीचा कागद कुठाय? वाळवी. गेली चाळीस वर्षं मी हे उत्तर ऐकतो आहे, आणि आता मला त्या उत्तराचाच संशय येतो. म्हणून हा जमेल तसा हिशेब: आमच्या या दोन तालुक्यांत वाळवीनं खरोखर काय खाल्लं आणि तिच्या नावावर काय काय खपवलं गेलं.

आधी तिची थोडी ओळख. इंग्रजीत हिला पांढरी मुंगी म्हणायची पद्धत होती, पण मुंगीशी तिचं नातं फक्त वैराचं. शास्त्रज्ञ तिला आता झुरळाच्या कुळात बसवतात. कामकरी वाळवी आंधळी, अंगानं मऊ, उन्हात काही वेळ ठेवली तरी सुकून मरते. म्हणून ती उघड्यावरून चालतच नाही. जिथं जायचं तिथपर्यंत मातीची नळी बांधत जाते. आपल्याला झाडावर जे मातीचं लिंपण दिसतं ते तिचं घर नव्हे, तो तिचा झाकलेला रस्ता. घर खाली जमिनीत, नाहीतर बांधावरच्या वारुळात. आपल्याकडच्या वारुळातली वाळवी लाकूड खाऊन ते थेट पचवत नाही. ती आत त्याचा भुगा रचते आणि त्यावर बुरशीची शेती करते. मृग-आर्द्रा झाल्यावर वारुळाच्या आसपास जी अळंबी उगवते आणि जिच्यासाठी पोरं पहाटे उठून माळावर धावतात, ती या शेतीचंच पीक. म्हणजे परसात वाळवीच्या नावानं बोटं मोडायची आणि आषाढात तिच्याच शेतातली भाजी मिटक्या मारत खायची, असा आमचा व्यवहार.

जुनी माणसं वारुळाकडे वैरी म्हणून बघत नसत. नागपंचमीला त्याला दूध-लाह्या मिळत. भाताचं खळं करायला, चूल लिंपायला वारुळाची माती चांगली, असं आजी सांगे. ती चिकट असते आणि वाळली की चिरत नाही. खाली सिंधुदुर्गात आणि गोव्यात तर सातेरी देवी वारुळाच्याच रूपात पुजली जाते. सहाव्या शतकातल्या वराहमिहिरानं बृहत्संहितेत जमिनीखालचं पाणी शोधण्यावर एक पूर्ण अध्याय लिहिला, त्यात अमुक झाडाच्या अमुक दिशेला वारूळ असेल तर इतक्या खोलीवर पाणी लागेल असे आडाखे दिले आहेत. आमच्या भागात विहिरीची जागा बघणारा म्हातारा वारुळाकडे बघत असे तो काही बृहत्संहिता वाचून नव्हे. पण नजर तीच. वाळवीला ओल लागते, ओल असते तिथं ती असते, एवढं दोघांनाही ठाऊक होतं.

आणि घर? ते बांधतानाच वाळवी गृहीत धरलेली असे. खांब कधी मातीत पुरत नसत. खाली दगडाचा तळखडा, त्यावर खांब. जोतं उंच. लाकूड सागाचं, ऐनाचं, किंजळीचं, आणि तेही गाभ्याचं. सागाचा गाभा वाळवी सहसा सोडते, बाहेरचं पांढरं लाकूड मात्र आवडीनं खाते. सुतार ते पांढरं तासून काढायचा, धनी कुरकुरला तरी. जिथं लाकूड भिंतीत शिरतं तिथं बिब्ब्याचं नाहीतर काजूच्या टरफलाचं तेल. पण या सगळ्यापेक्षा मोठा राखणदार होता धूर. चूल दिवसातून दोनदा पेटायची, धूर माळ्यातून, कौलांच्या फटींतून बाहेर पडायचा. वासे काळे कुळकुळीत, हात लावला तर बोटाला काजळी. त्या वाशाला वाळवी लागलेली मी तरी पाहिली नाही.

मग घरं बंद होऊ लागली. आमच्या तालुक्यांचा गेल्या शंभर वर्षांचा इतिहास एका वाक्यात सांगायचा तर माणसं मुंबईला गेली. गिरण्यांत, गोदीत, हॉटेलांत. आधी नुसते बापे जात, बाया-म्हातारी मागं राहत, चूल चालू राहायची. पुढे बिऱ्हाडंच्या बिऱ्हाडं गेली आणि घराला कुलूप लागलं ते शिमगा आणि गणपतीपुरतं उघडण्यासाठी. 18 जानेवारी 1982 ला गिरणी संप सुरू झाला तेव्हा काही माणसं परत आली. माझे थोरले चुलते त्यातलेच. त्यांच्या वाटणीचं घर उघडलं तर आतल्या दाराची चौकट बाहेरून शाबूत आणि बोटानं दाबली तर आत जात होती. काकी उंबऱ्यावर बसून रडल्या. चुलते म्हणाले, “वाळवीनं घर खाल्लं.” आजी तिथंच होती. ती म्हणाली, “वाळवीनं न्हाय रं. सात वर्सं चूल पेटली न्हाय हितं.” तेव्हा मी लहान होतो, पण ते वाक्य काही डोक्यातून गेलं नाही.

कागदांची गोष्ट याहून वाईट. इतिहासाचार्य राजवाड्यांनी मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड 1898 साली काढला तो घाटापलीकडे वाईला सापडलेल्या कागदांवरून. नंतर ते गावोगाव दप्तरं शोधत हिंडले. ज्या घरांत रुमाल जुन्या पेट्यांत, अडगळीत पडून होते तिथं अर्धं काम वाळवीनं, उंदरांनी आणि ओलीनं आधीच उरकलेलं असे. आमच्या पोलादपुरात कवींद्र परमानंदांची समाधी आहे. त्यांचं शिवभारत सापडलं ते मात्र पार तंजावरला, सरस्वती महाल ग्रंथालयात, आणि 1927 साली ते छापून आलं. ग्रंथ बत्तिसाव्या अध्यायात मध्येच तुटतो. आमचे एक शिक्षक छातीठोकपणे सांगत, पुढचं वाळवीनं खाल्लं. कवीचं लिहिणंच थांबलं असेल हा विचार त्यांना पटत नसे. तुटलेलं काहीही दिसलं की वाळवी लावून द्यायची, ही खोड शिकलेल्यांनाही असते.

त्याच तंजावरच्या किनाऱ्यावर, तरंगमबाडीला, अठराव्या शतकात कोनिग नावाचा डॉक्टर राहत होता. लिनीयसचा शिष्य. त्यानं वारुळं फोडून आतली बुरशीची शेती पाहिली आणि 1779 साली त्यावर लिहिलं. दोनच वर्षांनी हेन्री स्मिथमननं आफ्रिकेतल्या वाळवीवरचा मोठा लेख लंडनच्या रॉयल सोसायटीत वाचला, आणि जगाला वाळवीची राणी, राजा, शिपाई माहीत झाले ते मुख्यतः त्या लेखातून. पण बुरशीची शेती आपल्याकडच्या वारुळात आधी नोंदली गेली, हे सांगितलेलं बरं.

कागदांकडे परत येतो. आमचा मुलूख खोतीचा. खंड द्यायचा, पावती मिळाली तर मिळाली. तिकडे अलिबागजवळ चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटलांच्या मागं उभं राहून 1933 पासून सहा वर्षं संप केला. बाबासाहेबांनी 1937 साली मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. पण खोती कायद्यानं गेली ती 1949 च्या अधिनियमानं. मग कूळकायदा, आणि 1 एप्रिल 1957 चा कृषकदिन. त्या दिवशी जो जमीन कसत होता तो मालक, असं कायदा म्हणाला. पण कसत होता हे दाखवायचं कशानं? पीकपाहणीत नाव असेल तर ठीक, नसेल तर पावत्या. त्या चिटोऱ्यांना, ज्यांना काल कुणी विचारत नव्हतं, एकदम सोन्याची किंमत आली.

आमच्या आजोबांना लिहितावाचता येत नव्हतं. त्यांनी प्रत्येक पावती बांबूच्या नळीत घालून नळी चुलीवरच्या आढ्याला टांगलेली. धुरानं कागद तपकिरी झाले, पण अक्षरन् अक्षर लागत होतं. आमची दोन एकर भातजमीन आणि वरकसाचा तुकडा त्या नळीतून बाहेर आला असं म्हटलं तरी चालेल. वाडीतल्या दुसऱ्या एका घराच्या पावत्या लुगड्यांच्या पेटीत, पेटी ओल्या भिंतीला लागून. त्यांनी पेटी उघडली तेव्हा आत मातीच होती. त्यांचं वरकस गेलं. त्याच सुमारास एका खोताच्या घरच्या खंडाच्या वह्याही ऐन सुनावणीच्या तोंडावर वाळवीनं खाल्ल्या, असं कचेरीत सांगण्यात आलं. आजोबा म्हणत, “वाळवीला तारीक बरी कळली.” गरिबाच्या घरी वाळवी खरी असते, दुसरीकडे ती कधी कधी कारकुनासारखी सोयीनं येते.

स्वातंत्र्यानंतर औषधं आली. पहिलं डीडीटी, मलेरियासाठी. 1953 साली राष्ट्रीय मोहीम सुरू झाली आणि फवारणीवाले घरोघर फिरून भिंती पांढऱ्या करून गेले, दारावर तारीख लिहून. पाठोपाठ बीएचसी, म्हणजे आमची ‘गमेक्सीन पावडर’. तिचा वास या पिढीला माहीत नाही. दमट, कुजकट, नाकात बसणारा. भातावर गमेक्सीन, ढेकणांना गमेक्सीन, पोरींच्या डोक्यातल्या उवांनासुद्धा गमेक्सीन, आणि झाडाच्या बुंध्याशी मूठभर वाळवीसाठी. वाळवी जायची हे खरं. ऑल्ड्रिन ओतलं की वर्षानुवर्षं त्या मातीत वाळवी फिरकत नसे. लोकांना हा गुण वाटला. पण जे औषध इतकी वर्षं मातीत टिकतं ते विहिरीत उतरतं, गवतातून दुधात येतं. बीएचसीवर आपल्याकडे 1997 साली बंदी आली. 2001 साली स्टॉकहोमला जगातल्या देशांनी बारा चिवट विषांविरुद्ध करार केला. त्या बारांत ऑल्ड्रिन, डिल्ड्रिन, क्लोर्डेन, हेप्टाक्लोर होती, आणि ही चारही वाळवीवर वापरली जाणारी. वाळवीवर मात करायची म्हणून माणसानं जे जे केलं त्यातलं निम्मंअधिक त्याला परत घ्यावं लागलं आहे.

याच काळात फळबाग आली. 1990 च्या सुमारास रोजगार हमीतून फळबाग लागवडीची योजना निघाली आणि नाचणी-वरीच्या उजाड वरकसांवर हापूसची कलमं आणि काजू चढले. दहा बाय दहा मीटरवर एक, हेक्टरी शंभर. मीटरभर खोल खड्डा, त्यात शेणखत, माती, सुपर फॉस्फेट, पावडर. चांगली योजना होती, हे आधी म्हणतो. आज या डोंगरांवर जे हिरवं दिसतं त्यात तिचा वाटा आहे. पण आमच्याकडे पुष्कळ कलमं दोन उन्हाळेही निघाली नाहीत आणि सगळीकडे एकच ओरड: वाळवीनं खाल्ली. मी तेव्हा गावातच होतो, मेलेली कलमं उपटून बघायचो. वाळवी असायचीच. पण खड्ड्यात काय भरलं होतं? अर्धवट कुजलेलं शेण आणि सुका पाला, म्हणजे वाळवीचं ताट वाढलेलं. आधाराला काय रोवलं होतं? रानातली कसलीही कच्ची काठी. वाळवी पहिली त्या काठीला लागायची आणि काठीवरून कलमावर चढायची. आणि मुख्य म्हणजे फेब्रुवारी ते मे त्या कातळाच्या उतारावर डोक्यावरून हंडे नेऊन पाणी घालणार कोण? ज्यांच्या नावे सातबारा ते मुंबईला. ज्या घरात एखादी म्हातारी चार दिवसांआड हंडा घेऊन चढत होती तिची कलमं आज फळं देतात, वाळवी तिच्याही वरकसात होती. जिवंत, रस असलेल्या मुळाला ही वाळवी सहसा हात घालत नाही. तहानेनं अर्धं मेलेलं झाड तिला कळतं.

आता परसातल्या झाडाविषयी. आमच्या घरामागं एक रायवळ आंबा आहे, खोबऱ्या म्हणतात त्याला. पणजोबांच्या वेळचा. फळ लहान, धागा थोडा, चव खोबऱ्यासारखी. बाजारात त्याला भाव नाही, लोणच्याला मात्र गावभर मागणी. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूनं आत आलं आणि ताशी शंभर किलोमीटरच्या वरचा वारा किनाऱ्यावर न थांबता आमच्यापर्यंत पोचला. खोबऱ्याची पश्चिमेकडची मोठी फांदी खोडाचा लचका घेऊन खाली आली. टाळेबंदीमुळे त्या वर्षी सगळे चाकरमानी गावातच होते, घरं महिनोन् महिने उघडी, चुली पेटलेल्या. फांदीचं जळण तीन घरांना पुरलं. बाकीचं बुंध्याशीच रचून ठेवलं. दिवाळीनंतर त्या रचलेल्या लाकडांतून मातीची नळी निघाली आणि खोडावर पुरुषभर उंच चढली.

चुलतभावाचं मत स्पष्ट होतं. “दादा, वाळवी लागली. आता काय राहत नाय तो. घरावर पडायच्या आधी देऊन टाकू.” लाकूडवाला ठेकेदार येऊनही गेला होता, परवानगीचं मी बघतो म्हणाला. आंबा तोडायला 1964 च्या वृक्षतोड कायद्यानं परवानगी लागते, फणसाला, हिरड्यालाही लागते. ती कशी बघितली जाते हे सगळ्यांना माहीत आहे. आई म्हणाली, “मी हाय तवर न्हाय.” पण घरावर पडेल ही भीती काही खोटी नव्हती. झाडाखालीच आमचं न्हाणीघर आणि गोठा.

मी पलीकडच्या वाडीतल्या सुतारबाबांना बोलावलं. वय पंचाहत्तरच्या पुढं. त्यांनी कोयत्याच्या मुठीनं खोडावर सगळीकडून ठोकून बघितलं, कान लावून, जसा वैद्य छाती ठोकतो. मग मातीचं लिंपण कोयत्यानं खरवडलं. खालची साल तशीच होती. वाळवीनं फक्त वरची मेलेली खपली चाटून नेली होती. “हिनं काय केलेलं न्हाय,” बाबा म्हणाले. मग त्यांनी लचका निघालेल्या जागेवर बोट ठेवलं. तिथं एक भोक, आणि भोकातून लाकडाचा भुसा. “ह्यो बघा तुमचा चोर. भिरूड.” वाळवी मातीचा माग ठेवते, भिरूड भुश्याचा. भुंग्याची अळी ती; जिवंत लाकूड पोखरते, आणि कुणाला दिसत नाही म्हणून तिचं नाव कुणी घेत नाही. वर बघितलं तर शेंड्याकडे बांडगुळाचे चार मोठे गड्डे. ते तर आमच्या डोळ्यांदेखत वीस वर्षं रस पीत होतं. आधी बांडगूळ, मग वारा, मग भिरूड, आणि सगळ्यांच्या शेवटी वाळवी. आळ मात्र तिच्यावर.

तीन दिवस काम चाललं. बुंध्याशी रचलेली लाकडं आधी हलवली. बांडगुळं फांदीसकट उतरवली. लचक्याची जागा तिरकी तासली, पाणी साचू नये म्हणून, आणि चुना-मोरचुदाची पेस्ट लावली. भोकात तार घालून बाबांनी अळी ओढून काढली, करंगळीएवढी. रॉकेलचा बोळा कोंबून वरून शेणमातीनं भोक बंद केलं. वाळवीसाठी नळ्या खरवडून बुंध्याभोवती क्लोरपायरीफॉस ओतलं, एकदाच. दुसऱ्या पावसाळ्यापासून शेणखतात मेटारायझियमची भुकटी मिसळून घालतो. ती बुरशी वाळवीला आणि हुमणीला रोग लावते. एका बुरशीची शेती करणारीला दुसऱ्या बुरशीनं आवरायचं. बांधावरचं वारूळ खोदून राणी मारू या, असं पोरांचं म्हणणं होतं. आईनं खोदू दिलं नाही, आणि माझ्या मते तेच बरोबर झालं. ते वारूळ गेलं असतं तर अळंबी गेली असती आणि वाळवी दुसरीकडून आली असती.

न्हाणीघर मात्र हलवलं. त्याचं सांडपाणी बुंध्याशी मुरत होतं, तीही ओल वाळवीला बोलावणारी. गोठा तिथंच आहे.

पुढच्याच वर्षी, 22 जुलै 2021 ला, महाड शहर सावित्रीच्या पुरात बुडालं, आणि त्याच संध्याकाळी तळियेवर डोंगर आला. ऐंशीहून जास्त माणसं गेली. पोलादपूर तालुक्यात साखर सुतारवाडी आणि केवनाळे इथंही दरडी कोसळल्या. झाडाबिडाचा विचार कुणाच्या डोक्यात नव्हता. आम्ही महाडला नातेवाइकांच्या घरातला चिखल उपसायला गेलो होतो, आठ दिवस. तिथं एक गोष्ट बघितली. पुराचं पाणी चढलेल्या घरांतली सागाची जुनी दारं धुऊन उन्हात टाकली की चार दिवसांत परत उभी राहायची, आणि भुशाच्या पाटीची नवी कपाटं फुगून लगद्यासारखी झाली होती. जी फुगूनही टिकली ती पुढच्या उन्हाळ्यात वाळवीनं संपवली. दुकानदार म्हणाला, वाळवी लागली.

खोबऱ्या 2022 मध्ये मोहरला नाही. 2023 ला पूर्वेच्या अर्ध्या अंगावर मोहर आला आणि दोन डालगी कैरी उतरली. पश्चिमेकडं आता आभाळ दिसतं, दुपारचं ऊन न्हाणीघराच्या जुन्या जागेवर पडतं, तिथं आईनं अळू लावलं आहे. दर कार्तिकात खोडाच्या उत्तर बाजूला मातीची एक बारीक नळी वर चढू लागते. पुतण्या शाळेत जाण्याआधी ती नारळाच्या करवंटीनं खरवडून टाकतो आणि आत बिनआंधळी एखादी सापडते का बघतो. चुलतभाऊ या शिमग्याला आला होता. जाताना लोणच्याची बरणी घेऊन गेला.